वाचासिद्धीचा बाजार

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या आवाराला लागून तारनाका नावाचा भाग आहे. निजामाच्या काळी येथे तारेचे कुंपण घातलेली एक बाग होती व तिच्या तोंडाशी नाका होता, म्हणून तारनाका, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. आज ती तारही नाही आणि तो नाकाही नाही. आहे तो रहदारीने गजबजलेला चौक, २०१७ सालापासून डोक्यावरून धावणारी मेट्रो, आणि आसपास विद्येची मोठमोठी घरे. राष्ट्रीय पोषण संस्था या परिसरात आहे, भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे, आणि इंग्रजीच्या अध्यापनासाठी म्हणून १९५८ साली स्थापन झालेली व पुढे विद्यापीठ बनलेली इंग्रजी व परदेशी भाषांची संस्थाही येथेच आहे. जेथे विद्यार्थी तेथे खानावळी, वसतिगृहे आणि शिकवण्या हे ओघानेच आले. हैदराबादेसारख्या शहरांतील या शिकवण्यांच्या पसाऱ्यात गेल्या काही वर्षांत एका नव्या विद्येची भर पडली आहे. ‘न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग’ हे तिचे भारदस्त नाव. मज्जा, भाषा आणि आखणी या तिघांचा त्रिवेणी संगम या नावात साधलेला असल्याने ऐकणाऱ्यावर त्याची छाप पडावी यात नवल नाही. संगणकाच्या क्षेत्रातही याच आद्याक्षरांची एक विद्या आहे, परंतु तिचा हिच्याशी काडीइतकाही संबंध नाही.

या विद्येची आश्वासने मात्र नावाहूनही भारदस्त असतात. आत्मविश्वास वाढेल, सभाधीटपणा येईल, मुलाखतीत यश मिळेल, घरीदारी संबंध सुधारतील, आणि त्याच यादीच्या शेपटाला, बोलण्यातला अडखळेपणा व तोतरेपणाही जाईल. तेही दोन-चार दिवसांच्या शिबिरात! आमच्या आजीबाई अशा आश्वासनांना ‘पी हळद नि हो गोरी’ एवढ्या पाच शब्दांत निकालात काढीत. परंतु आजीबाईंचे राज्य आता राहिलेले नाही, आणि पणजी-मडगावपासून रत्नागिरी-सावंतवाडीपर्यंतच्या घरांतली मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशी सर्वदूर पांगलेली आहेत. तेव्हा तारनाक्याच्या चौकात काय विकले जाते, याची वास्तपुस्त येथे समुद्रकाठी बसून करणे अप्रस्तुत ठरू नये.

या मालाला गिऱ्हाईक का मिळते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. बोलणाऱ्याची बोरे खपतात ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे, पण पूर्वी न बोलणाऱ्यालाही पोट भरण्याच्या वाटा होत्या. शेत कसणारा, होडी वल्हवणारा, कारकुनी करणारा मनुष्य अबोल असला तरी त्याचे अडत नसे. आज शिक्षण पुरे होताच तरुणाला पहिल्यांदा जी परीक्षा द्यावी लागते ती तोंडी असते. चार अपरिचित माणसांसमोर, परक्या भाषेत, पाच-दहा मिनिटांत त्याने स्वतःला विकून दाखवावयाचे असते. ज्याच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी नांदते आहे त्याला हे जड जात नाही. ज्याने तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिक्षण घेतले, ज्याला वर्गात उठून प्रश्न विचारण्याची सवय कधी कुणी लावलीच नाही, तो मुलगा हुशार असूनही तेथे गप्प होतो. आणि जो मुळातच अडखळतो, ज्याला स्वतःचे नाव उच्चारतानाही घाम फुटतो, त्याची तर कथाच वेगळी. हे दोघेही त्या पाटीपुढे थांबतात. फसवणूक होते ती या ठिकाणी, कारण पाटी दोघांनाही एकच औषध देऊ करते.

ही विद्या आली कोठून? १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत रिचर्ड बँडलर नावाचा एक विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर नावाचे भाषाशास्त्राचे एक तरुण अध्यापक यांनी तिची मांडणी केली. मानसोपचारात नावाजलेल्या तीन व्यक्ती त्यांनी पुढे ठेवल्या : फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सॅटिर आणि संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन. या तिघांच्या हाताला यश का येते, ते रोग्याशी कसे बोलतात, कोणते शब्द वापरतात, याचे निरीक्षण करून त्यांच्या यशाचा नमुना काढता येईल व तो कोणालाही शिकविता येईल, अशी ही कल्पना. १९७५ साली त्यांचे पहिले पुस्तक आले. कल्पना चमकदार होती यात शंका नाही. गवयाची मैफल ऐकून त्याची गायकी उचलणारा शिष्य आपल्याकडेही असतो. पण तो शिष्य त्यासाठी बारा-बारा वर्षे तंबोऱ्यापाशी बसतो. या नव्या गुरुकुलात बारा वर्षांचे काही दिवस झाले, आणि शिष्योत्तमांना प्रशस्तिपत्रे मिळू लागली. पुढे, नव्वदच्या दशकात, दोघा संस्थापकांत नावाच्या मालकीवरून न्यायालयीन भांडण झाले आणि हे नाव अखेर कोणा एकाच्या ताब्यात राहिले नाही. परिणाम असा की आज कोणीही ही पाटी लावू शकतो, आणि कोणी कोणास प्रमाणपत्र द्यावे याला जगात कोठेच एक धनी नाही.

या विद्येतील तंत्रे काय आहेत? मनुष्य विचार करताना त्याचे डोळे कोणत्या दिशेला वळतात यावरून तो पाहिलेले आठवतो आहे की नवे रचतो आहे हे कळते, असे एक मत. प्रत्येकाची एक आवडती ज्ञानेंद्रिय-वाट असते, कोणी चित्रांत विचार करतो, कोणी ध्वनींत, कोणी स्पर्शांत, आणि त्याच्याशी त्याच्या वाटेने बोलले की तो आपलासा होतो, असे दुसरे. आनंदाच्या वा धैर्याच्या क्षणाची आठवण जागी करून ती एखाद्या स्पर्शाशी किंवा खुणेशी बांधून ठेवावी आणि बिकट प्रसंगी ती खूण करून धैर्य परत आणावे, याला ते ‘नांगर टाकणे’ म्हणतात. दर्यावर जगणाऱ्या आम्हा लोकांना ही उपमा आवडण्यासारखी आहे. मात्र नांगर धरतो तो खालच्या तळावर, दोरीच्या बळावर नव्हे, हेही आमच्या खलाश्यांना ठाऊक असते.

तेव्हा या तंत्रांखाली तळ आहे काय, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे, आणि तो शास्त्रज्ञांनी विचारलेलाही आहे. अमेरिकन लष्कराला सैनिकांची कार्यक्षमता वाढविण्याच्या नानाविध तंत्रांविषयी कुतूहल वाटले, म्हणून तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने एक समिती नेमली. तिने १९८८ साली दिलेल्या अहवालात या विद्येच्या मूलभूत गृहीतकांना पुरेसा पुरावा आढळत नाही असाच निर्वाळा दिला. डोळ्यांच्या दिशेवरून खरे-खोटे ओळखता येते या लोकप्रिय समजुतीची परीक्षा रिचर्ड वाइजमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तीन प्रयोगांत ती समजूत टिकली नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात आरोग्यविषयक उपयोगांचा आढावा आला. या विद्येमुळे प्रकृतीत सुधारणा होते असे म्हणण्याजोगा पुरावा फारच थोडा आहे, आणि जो आहे तोही कच्चा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पन्नास वर्षांत जी विद्या स्वतःच्या नावातील पहिला शब्दही सिद्ध करू शकली नाही, तिच्या हाती रोग्याची वाचा सोपविणे धाडसाचे आहे.

तरीही न्याय करावयाचा तर तो पुरता केला पाहिजे. अशा शिबिरांतून परतलेली काही मुले खरोखरच मोकळी झालेली दिसतात, आणि ती खोटे बोलत नाहीत. शांत बसून दीर्घ श्वास घेणे, उद्याचा प्रसंग मनात आधी रंगवून पाहणे, समोरच्याचे लक्ष देऊन ऐकणे, ‘मला जमणार नाही’ या वाक्याची उलटतपासणी करणे, आणि मुख्य म्हणजे वीस समदुःखी माणसांसमोर उभे राहून प्रत्यक्ष बोलणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट उपयोगी आहे. पण यांतली एकही या विद्येची मिरास नाही. नाटकाच्या तालमीत, वक्तृत्वस्पर्धेत, व्यायामशाळेत, सेवादलाच्या वा संघटनेच्या बैठकीत हेच शिक्षण आमच्या गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळत आले. गावच्या जत्रेतल्या नाटकात पहिल्या वर्षी भालदार होऊन नुसता उभा राहणारा पोर पाचव्या वर्षी पल्लेदार स्वगत म्हणतो, ते कोणत्या मज्जा-भाषिक आखणीने? सवयीने, आणि विंगेत उभे राहून धीर देणाऱ्या मंडळींमुळे.

सभाभयाचे सर्वांत बोलके उदाहरण महात्मा गांधींचे आहे. लंडनमध्ये विद्यार्थी असताना शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर ते होते, परंतु बैठकीत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. लिहून आणलेले मतही दुसऱ्याला वाचून दाखवावे लागले. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी ते उभे राहिले, आणि एकही प्रश्न न विचारता खाली बसले. पक्षकाराला फी परत केली व न्यायालयाबाहेर पडले. हा मनुष्य दोनच वर्षांनी प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत उभा राहून सचोटीच्या व्यवहाराविषयी बोलला, आणि ते त्याच्या आयुष्यातले पहिले जाहीर भाषण ठरले. मधल्या काळात कोणी त्याला वाचासिद्धी दिली नव्हती. त्याला अपमान सोसावा लागला होता, आणि सांगण्यासारखे काही सापडले होते. आपल्या जुन्या संकोचामुळे शब्दांची काटकसर शिकलो, असे पुढे गांधींनीच लिहून ठेवले आहे. सभाभय हा रोग नव्हे. तो अनुभवाने, प्रयोजनाने आणि प्रेमळ श्रोत्यांनी ओसरणारा एक संकोच आहे. त्यासाठी कोणी शिबिराला गेला आणि चार पैसे खर्चून धीट होऊन आला, तर आमची हरकत असण्याचे कारण नाही.

आमची हरकत आहे ती पुढच्या उडीला. बोलता न येण्याची कारणे एक नव्हेत, अनेक आहेत. भाषेचा सराव नसणे हे एक. संकोच व भय हे दुसरे. जन्मतः वा लहानपणी ऐकू न आल्यामुळे वाणीच न उमलणे हे तिसरे. पक्षाघातानंतर मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा होऊन शब्द हरवणे हे चौथे. हा भाग कोणता ते पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ साली दाखवून दिले, त्यालाही दीड शतक उलटून गेले. आणि पाचवे म्हणजे तोतरेपण. यांची कारणे वेगळी, उपाय वेगळे, उपाय करण्याचे वयही वेगळे. ताप, मोडलेले हाड आणि मोतीबिंदू या तिघांवर एकच पुडी देणाऱ्या वैदूला आपण गावात उभे करणार नाही. पण वाचेच्या बाबतीत मात्र शिकलेले लोकही अशी पुडी विकत घेतात.

तोतरेपणाविषयी तर आपल्या समाजात जेवढे गैरसमज आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असतील. मुलाला भीती बसली, त्याने कुणाची नक्कल केली, तो घाईने बोलतो, त्याला आत्मविश्वास नाही, हे सगळे निदान घरच्या घरी होते. वास्तविक पाहता दोन ते पाच वर्षांच्या वयात, वाक्ये जुळू लागतात त्या सुमारास, शंभरातील सुमारे पाच मुले काही काळ अडखळतात. त्यांपैकी बहुसंख्यांचे अडखळणे आपोआप थांबते. ज्यांचे थांबत नाही ते शेकडा एकच्या आसपास राहतात, आणि मोठेपणी त्यांत बायकांपेक्षा पुरुषांची संख्या कितीतरी अधिक असते. हा दोष घराण्यात उतरतो. काही थोड्या लोकांत तो कोणत्या जनुकांशी निगडित आहे, हे २०१० साली पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आले. वाणीची हालचाल घडविणाऱ्या मेंदूतील जाळ्याच्या जडणघडणीत व ताळमेळात सूक्ष्म फरक असतो, असे मेंदूची चित्रे सांगतात. म्हणजे भीती हे तोतरेपणाचे मूळ नव्हे. बहुधा ती त्याचे फळ असते. वर्षानुवर्षे हसू झाल्यावर ज्याला भीती वाटणार नाही असा कोण आहे?

याची एक साक्ष प्रत्येकाच्या घरात मिळू शकेल. चतुर्थीच्या दिवसांत सर्वांबरोबर टाळ्या वाजवीत आरती म्हणताना असा मुलगा एकदाही अडत नाही. सुरात व समूहात बोलताना तोतरेपण बहुधा नाहीसे होते, ही जगभर आढळलेली गोष्ट आहे. पण दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरीच्या वेळी ‘हजर’ हा तीन अक्षरांचा शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही. दूरध्वनीवर स्वतःचे नाव सांगता येत नाही, कारण दुसऱ्या शब्दाऐवजी तिसरा घालता येतो, नावाऐवजी काय घालणार? आईबापांना वाटते, आरती म्हणता येते तर हजर म्हणायला काय होते? मुद्दाम करतो! या एका वाक्याने किती बालमने करपली असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आता शिबिरांचा चमत्कार कसा घडतो ते पाहू. तोतरेपण भरती-ओहोटीसारखे असते, काही दिवस ते चढते, काही दिवस उतरते. नव्या ठिकाणी, नव्या लयीत, आश्वासक माणसांत ते उतरते. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मुलगा व्यासपीठावर घडाघडा बोलतो, पालकांच्या डोळ्यांत पाणी येते, त्याचे चित्रण होते आणि ते पुढच्या जाहिरातीला उपयोगी पडते. महिन्याभराने तोच मुलगा बसच्या वाहकाला उतरायचे ठिकाण सांगू शकत नाही. ते चित्रण मात्र कोणी करीत नाही. आणि लहान मुलांचे तोतरेपण तर बहुधा आपसूकच जाणारे असल्याने, त्याचे श्रेय कोणी उगाळलेल्या वेखंडाला देतो, कोणी नवसाला, कोणी शिबिराला.

एवढ्यावर थांबले असते तरी हानी पैशाचीच होती. परंतु ज्या शिकवणुकीचा सारा भर ‘तू मनात आणलेस तर काहीही करू शकतोस’ यावर असतो, तिच्या अपयशाचा दोष कोणाच्या माथी जाणार? ज्याचे तोतरेपण परत आले त्याच्याच. तुझीच श्रद्धा उणी, तूच सराव सोडलास, तूच मनातून बरा होऊ इच्छीत नाहीस, असे ऐकून तो मुलगा परततो. आधी तो फक्त अडखळत होता, आता तो अपराधीही ठरतो. ही क्रूरता गोड शब्दांत आणि हसतमुखाने केली जाते, म्हणून ती क्रूरता नव्हे असे आम्हाला म्हणता येत नाही.

शब्दांनी मनुष्य घडतो वा मोडतो, या मतात एक अर्धसत्य दडलेले आहे. त्याची किंमत अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या अनाथ मुलांनी मोजली. १९३९ साली तेथील विद्यापीठात वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने अनाथाश्रमातील बावीस मुलांवर एक प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना, तुमचे बोलणे सदोष आहे, तुम्ही तोतरे होत चालला आहात, असे पुनःपुन्हा सांगण्यात आले. ती मुले तोतरी झाली असे सिद्ध झाले नाही. पण ती बुजली, मिटली, बोलेनाशी झाली. प्रयोग दडपला गेला, आणि २००१ साली, साठ वर्षे उलटून गेल्यावर, विद्यापीठाने जाहीर क्षमा मागितली. म्हणजे केवळ शब्दाने तोतरेपण निर्माण होत नाही, तसे केवळ शब्दाने ते जातही नाही. मात्र बोलण्याची इच्छा मारून टाकण्याचे सामर्थ्य शब्दात निश्चित आहे. आपल्या शाळांतील वर्गावर्गांत नक्कल करून हसणारी मुले आणि त्यांच्याबरोबर हसणारे मास्तर हाच प्रयोग दररोज करीत असतात, आणि त्यांच्याकडून क्षमा कोणी मागून घेत नाही.

मग खरा उपचार काय? तो नाट्यमय नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांसाठी सिडनी येथे विकसित झालेली एक पद्धत आहे, तिला लिडकोम पद्धत म्हणतात. तिच्यात तज्ज्ञ शिकवितो तो आईबापांना. मूल सहज बोलले की त्याचे मोजके कौतुक कसे करावे, अडखळले तर केव्हा व किती सौम्यपणे सांगावे, हे त्यांनी घरी रोज थोडा वेळ करावयाचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रशुद्ध चाचणीत, नुसती वाट पाहण्यापेक्षा या पद्धतीचा लाभ स्पष्टपणे अधिक दिसून आला. मोठ्यांच्या बाबतीत लांबवून, सावकाश, श्वासाशी मेळ घालून बोलण्याचा सराव असतो. अडखळण्याशी झुंज न देता ते मोकळे व सौम्य करण्याची एक रीत आहे. ती घालून देणारे चार्ल्स व्हॅन राइपर स्वतः तोतरे होते. आणि भय फार असेल तर मानसोपचाराची जोड असते. यात महिने जातात, कधी वर्षे जातात. पुरता बरा करण्याचे वचन कोणी प्रामाणिक तज्ज्ञ देत नाही. ‘तू अडखळलास तरी बोल’ एवढे सामर्थ्य तो देतो, आणि ते थोडे नव्हे.

अशी सोय आपल्या देशात नाही असेही नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था १९६५ सालापासून उभी आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात या विषयाचे शिक्षण अनेक दशके चालू आहे. १९८३ साली मुंबईत वांद्र्याला राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिला अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. येथे आमची गाडी पुन्हा तारनाक्याला येते. अली यावर जंग मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे राजदूत, आणि १९७६ साली मृत्यू आला तेव्हा ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यांच्या नावाच्या संस्थेचे प्रादेशिक केंद्र सिकंदराबादेत, तारनाक्याहून काही किलोमीटरवर आहे. म्हणजे ज्या चौकात वाचासिद्धी विकत मिळते तेथून एका रिक्षाच्या अंतरावर प्रशिक्षित वाचाउपचार सरकारी दरात मिळू शकतो. पण सरकारी संस्थेला पाटी रंगविता येत नाही, आणि चमत्काराचे वचन तर मुळीच देता येत नाही.

कायदाही अगदीच मुका नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमानुसार वाचाउपचार करणाऱ्या व्यक्तीची नोंदणी व्हावी लागते, आणि नोंदणीवाचून तो व्यवसाय करणे हा दंडनीय गुन्हा आहे. पण शिबिरवाला स्वतःला उपचारक म्हणवीतच नाही. तो असतो प्रशिक्षक, मार्गदर्शक, गुरू. शब्दांचा व्यापारी शब्दांच्याच आडून निसटतो! दुसरीकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस दिव्यांगत्वांत वाणी व भाषेचे दिव्यांगत्व आहे खरे, परंतु त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकल्याने अथवा मेंदूच्या इजेने आलेल्या कायम स्वरूपाच्या दोषाभोवती बांधलेली आहे. जन्मभर अडखळणारा मनुष्य त्या व्याख्येच्या उंबरठ्यावर ताटकळतो. तोंडी परीक्षेत त्याला चार मिनिटे अधिक द्यावीत, एवढी साधी गोष्टही त्याला हक्काने मागता येत नाही.

वाणीचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. पाणिनीय शिक्षेत पठणाचे दोष सांगताना साशंक म्हणणे, भीत-भीत म्हणणे, अस्पष्ट म्हणणे यांची गणना केलेली आहे. आणि वर्णोच्चार कसा असावा, तर वाघीण पिलांना दातांत धरून नेते, त्यांना दात लागत नाहीत आणि ती निसटतही नाहीत, तसा असावा, अशी उपमा दिलेली आहे. वाणीकडे पाहण्याची ही दृष्टी किती कोमल व किती शास्त्रीय आहे! तीत श्रम आहेत, काळजी आहे, घाई मुळीच नाही.

आणि वाणीचे मोल ज्यांना समजावे असे आपण लोक आहोत. तारनाक्याशेजारच्या त्याच उस्मानिया विद्यापीठात १९३८ साली ‘वंदे मातरम्‌’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यात आले, आणि त्यांपैकी अनेकांनी नागपूरची वाट धरली. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले, आणि भाषण पुरे होण्याआधीच त्यांना पकडण्यात आले. ते भाषण अपुरे राहिले, पण गोमंतकाची वाचा तेथे फुटली. सलाझारशाहीत पिढ्यांनी ज्या मौनाचा अनुभव घेतला, त्या भूमीला बोलता न येण्याचे दुःख परके वाटू नये. तेव्हा तोंडावर हात ठेवणारे सरकार होते. आज एखाद्या मुलाच्या तोंडावर त्याच्याच मज्जांनी हात ठेवला असेल, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. तिकिटाच्या खिडकीशी जाऊन, मागे रांग तिष्ठत असताना, गावाचे नाव उच्चारण्यासाठी झगडणाऱ्या त्या मुलापाशी जे धैर्य असते, ते सभा गाजविणाऱ्या कित्येक वक्त्यांपाशी नसते.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती. शेकडा एकाहून थोडे कमीच धरले तरी काही हजार माणसे या लहानशा राज्यात अशी असतील, आणि त्यांत शाळकरी मुले आलीच. कोकणच्या जिल्ह्यांची बेरीज वेगळी. या सर्वांसाठी करण्याजोग्या गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत. बालकांच्या आरोग्यतपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात ऐकणे व भाषेचा विकास तपासला जातो, तेथेच अडखळण्याचीही नोंद व्हावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वाचाउपचारकाचे पद असावे, आणि असल्यास ते भरलेले असावे. ज्याला मराठी व कोकणी येते असाच मनुष्य तेथे नेमावा, कारण वाचा सुधारावयाची ती मातृभाषेतली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाचे चार तास असावेत. आणि पालकांनी, मूल दोन-चार महिने सतत अडखळत असेल, तर ‘मोठा झाल्यावर सुटेल’ म्हणून थांबू नये व शिबिराकडेही धावू नये. नोंदणीकृत तज्ज्ञ गाठावा, आणि त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यास लाजू नये.

एक गोष्ट स्वतःविषयीही सांगितली पाहिजे. तारनाक्याच्या चौकातली पाटी आणि वृत्तपत्राच्या पानावरची जाहिरात यांत फरक एवढाच की दुसरीवर शाई आमच्या धंद्याची असते. सात दिवसांत तोतरेपण घालविण्याची वचने वृत्तपत्रांच्या स्तंभांतूनही छापून आलेली आहेत. दुसऱ्यांच्या बाजाराचा समाचार घेताना आपल्या दुकानाकडे पाठ फिरविणे आम्हाला शोभणार नाही. अशा वचनांचे पैसे न घेण्याची शिस्त हा धंदा स्वतः लावून घेईल तर फार बरे होईल.

बाकीचे काम तुम्हा-आम्हा सर्वांचे, आणि त्याला खर्च काहीच नाही. समोरचा मनुष्य अडखळला तर त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, नजर फिरवू नये, ‘सावकाश बोल’ असा उपदेश करू नये, घड्याळाकडे पाहू नये. त्याचे सांगून होईपर्यंत थांबावे. बोलण्याच्या विद्येची शिबिरे पुष्कळ निघाली. थांबून ऐकण्याची सवय मात्र घराघरांतच लागावयाची आहे. येत्या चतुर्थीला आरतीत ज्याचा आवाज सर्वांत खणखणीत लागेल, तोच मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आपले नाव सांगताना क्षणभर अडला, तर त्या वर्गाने तो क्षण त्याला द्यावा.